फोटोग्राफीच्या कामाचा वाजवी भाव काढायचा कसा? (बडोदा)

कोठीचाररस्ता

बडोद्यात स्वतंत्रपणे फोटोग्राफी करणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. सध्या हातात तीन चौकश्या आहेत आणि तिघांचा प्रश्न एकच: "भाव काय?"

पहिली, मांजलपूरच्या हॉलमधलं दोन दिवसांचं लग्न. मुलगी मराठी, मुलगा गुजराती. फोटो आणि अल्बम हवा, व्हिडिओ त्यांनी दुसऱ्याला दिलाय. दुसरी, मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) कारखाना. कॅटलॉगसाठी चाळीस सुटे भाग आणि शॉप फ्लोअरचे (आत काम चालतं त्या जागेचे) आठ फोटो. तिसरी, एका चित्रकाराचे पंचवीस कॅनव्हास.

दिवसाचा एकच भाव ठरवून तिघांना तोच सांगावा का? आणि तो काढायचा कशावरून? रेट कार्डं पाहिली तर एकाच कामाला तिप्पट-चौपट फरक दिसतो. आकडेमोडीसकट लिहा. "मार्केट बघून ठरव" एवढंच नको.

दांडियाबाजार

मार्केट बघूनच ठरतं हो शेवटी. गिऱ्हाईक दहा ठिकाणी फिरून येतं आणि म्हणतं, "पेलो तो आठ हजारात बे दिवस करे छे." त्याला तुमच्या आकडेमोडीचं काय?

हिशोबनीस

दांडियाबाजार, आठ हजारवाल्याकडे नंतर येऊ. आधी स्वतःचा तळ, म्हणजे ज्याखाली काम परवडत नाही तो भाव, माहीत पाहिजे. ज्याला आपला तळ माहीत नाही तो घासाघीस करत नाही, नुसता घासला जातो.

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत, रीत तीच.

आधी सामान. कॅमेऱ्याची मुख्य बॉडी दोन लाखांची, चार वर्षं चालेल असं धरा: वर्षाला ५०,०००. दुसरी बॉडी एक लाखाची, चार वर्षं: २५,०००. तीन लेन्स मिळून ३,२०,०००, आठ वर्षं: ४०,०००. फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, सॉफ्टबॉक्स ८०,०००, चार वर्षं: २०,०००. कॉम्प्युटर आणि मॉनिटर १,६०,०००, चार वर्षं: ४०,०००. कार्ड, बॅटऱ्या, बॅगा दरवर्षी २५,०००. बेरीज दोन लाख.

बॉडीला चारच वर्षं का? शटर झिजतं म्हणून. वर्षाला दीड लाख फ्रेम, दोन बॉडीत वाटून प्रत्येकीवर पाऊण लाख. निकॉन डी८५०चं शटर दोन लाख फ्रेमचं, कॅननच्या आर६चं तीन लाखांचं, फाइव्ह-डी मार्क फोरचं दीड लाखाचं, असे कंपन्यांचेच आकडे आहेत. म्हणजे मार्क फोर या वापरात दोनच वर्षांत आपली आकडेवारी संपवते. पुढे चालेलही, पण मंगलाष्टकांच्या वेळी चालेल याची हमी नाही. इलेक्ट्रॉनिक शटर झिजत नाही म्हणून सगळं त्यावरच काढावं म्हणाल, तर मंडपातल्या एलईडी वॉलपुढे फोटोत आडवे पट्टे येतात.

आता दरवर्षीचा चालू खर्च: सॉफ्टवेअर १०,०००, हार्ड डिस्क आणि क्लाउड २५,०००, सामानाचा विमा १०,०००, सर्व्हिसिंग आणि सेन्सर सफाई १५,०००, इंटरनेट-मोबाइल १५,०००, जागेचं भाडं आणि वीज यांचा वाटा ६०,०००, सीए १५,०००, गावातल्या गावात पेट्रोल ३६,०००, वेबसाइट आणि नमुन्याचे अल्बम १४,०००. हेही दोन लाख.

घरी न्यायचे महिना पन्नास हजार, म्हणजे सहा लाख. एकूण दहा लाख झाले.

गोची पुढे आहे. दहा लाखांना ३६५ने भागायचं नाही, ३००नेही नाही. गुजरातेत आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं जवळपास बंद, मग डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत (संक्रांतीपर्यंत) कमुरता, म्हणजे लग्नाला अशुभ मानलेला महिना. उरलेले मुहूर्तही एकमेकांवर पडतात, आणि एका दिवशी आपण एकाच मांडवात असतो. इतर कामं धरून वर्षाला ऐंशी दिवस शूट होणारा माणूस भरपूर व्यग्र समजावा, कारण प्रत्येक शूटमागे पावणेदोन दिवस एडिटिंग, बॅकअप, फोन आणि अल्बम यात जातात. ८० × २.७५ = २२० कामाचे दिवस.

दहा लाख ÷ ८० = शूटच्या एका दिवसाला १२,५००.
दहा लाख ÷ (२२० × ८ तास) = तासाला साधारण ५७०.

माझ्या मते दिवसाचा भाव गिऱ्हाइकाला सांगण्यापुरता ठेवावा. कोटेशन काढायचं ते तासावरून, कारण दोन लग्नांचे "दोन दिवस" कधीच सारखे नसतात.

सुरसागरी

हिशोबनीस, ऐंशी दिवस जमलेल्या माणसाला. सुरुवातीला पन्नासच मिळाले तर दिवसाचे २०,००० होतात, आणि नव्या माणसाला ते कोण देणार?

हिशोबनीस

कोणी देणार नाही, खरं आहे. सुरुवातीला घरी न्यायची रक्कम कमी धरा, बॉडी वापरलेली घ्या, ७०-२००ची (लांबून फोटो काढायची) लेन्स भाड्याने आणा. पण सामानाची झीज आणि चालू खर्च यांना हात लावू नका. घरी न्यायचे सहाचे तीन लाख केले तर सात लाख ÷ ८० = ८,७५०. हा नव्या माणसाचा तळ. त्याखाली प्रत्येक ऑर्डरला कॅमेऱ्याचा एकेक तुकडा विकल्यासारखं आहे. आठ हजारात दोन दिवस करणारा तेच करतोय, किंवा त्याचं उत्पन्न दुसरीकडून येतंय, किंवा तो भलतंच काहीतरी विकतोय.

दांडियाबाजार

भलतंच म्हणजे?

सुरसागरी

म्हणजे हॉलच्या किंवा केटररच्या पॅकेजात आलेला एक माणूस, एक बॉडी, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स, स्टेजवर येणाऱ्या पाहुण्यांचे ओळीने फोटो आणि संध्याकाळी पेनड्राइव्हमध्ये न निवडलेल्या जेपीईजी. त्यातही वाईट काही नाही, कोणाला तेवढंच हवं असतं. म्हणून "आठ हजारात करतो" ऐकलं की भांडायचं नाही, तीन गोष्टी विचारायच्या: माणसं किती, तास किती, हातात शेवटी काय देणार? निम्म्या वेळा गिऱ्हाइकालाच माहीत नसतं आणि ते तिकडे विचारायला जातं.

आता मांजलपूरच्या लग्नाबद्दल. मराठी-गुजराती लग्न म्हणजे दुप्पट विधी. इकडे ग्रहमख, हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी; तिकडे पीठी (हळद), मामेरू (मामाकडचा अहेर), जान (वरात), हस्तमेळाप. दोन्हीकडचे गुरुजी आपापल्या घड्याळाने चालतात. वेळापत्रक लेखी मागून घ्या, आणि एकाच वेळी दोन खोल्यांत काही चाललंय का ते आधी बघा.

दुसऱ्या फोटोग्राफरचे पैसे लावायला गिऱ्हाईक कुरकुर करतं. त्याला अंतरपाटाचं उदाहरण द्या. मंगलाष्टकं संपून "सावधान" झालं की अंतरपाट दोनेक सेकंदात बाजूला होतो, अक्षतांचा मारा सुरू होतो, मामा आणि करवल्या मध्ये येतात. मुलीचा चेहरा मिळतो तो मुलाच्या खांद्यामागून, मुलाचा मिळतो तो मुलीच्या खांद्यामागून. एका माणसाला दोन्हीकडे उभं राहता येत नाही. बाजूने वाइड लेन्स लावली तर दोघांचा अर्धा-अर्धा चेहरा आणि मध्ये गुरुजींचा हात. शिवाय अक्षता उडताना ऑटोफोकस तांदळावर जातो, म्हणून तेवढ्यापुरता फोकस चेहऱ्यावर लॉक करून ठेवणारा माणूस लागतो. एवढं सांगितलं की बहुतेक आया लगेच हो म्हणतात. बापांना वेळ लागतो.

तास असे लागतील: शूट १४ + १२ = २६. जाणं-येणं, चार्जिंग, रात्रीचा बॅकअप ४. पाच हजार फ्रेममधून निवड ६. पाचशे फोटो, प्रत्येकी दोन मिनिटं, १७. तीस शीटचा १२ बाय ३६चा अल्बम, शीटला पंचवीस मिनिटं, १२.५. भेटी, फोन, बदल ५. एकूण ७०.५ तास.

७०.५ × ५७० = सुमारे ४०,२००. दुसऱ्या फोटोग्राफरचे दोन दिवस वेगळे. त्यावर दहा टक्के अडी-अडचणीचे. अल्बमचं लॅबचं बिल त्याबाहेर.

कोठीचाररस्ता

दुसऱ्या फोटोग्राफरला किती द्यायचे? बारा हजार दिले तर मला काय उरणार?

सुरसागरी

बारा नाही. तो कार्ड आपल्या हातात देऊन घरी जातो. एडिटिंग नाही, गिऱ्हाइकाचे फोन नाहीत, अल्बम नाही. शूटचे दहा तास आणि जाण्या-येण्याचे दोन, १२ × ५७० = ६,८४०. दिवसाला ६,८०० द्या. उलट एखाद्या स्टुडिओने तुम्हाला असं बोलावलं तर तुम्हीही एवढेच मागा. थेट कामाचा भाव आणि स्टुडिओसाठीचा भाव वेगळा असणं यात लबाडी काही नाही. पण स्टुडिओ ६,८००मध्ये एडिटिंगही मागायला लागला तर तिथेच थांबा.

म्हणजे दोन दिवसांचे १३,६००. मिळून ५३,८००, दहा टक्के धरून सुमारे ५९,०००. अधिक लॅबचं बिल.

दांडियाबाजार

एकोणसाठ हजार! आमच्याकडे एवढ्यात ड्रोनसकट होतं.

एफ_आठ

ड्रोनचं नाव काढलंतच म्हणून, अवांतर: विमानतळ हरणीला, म्हणजे शहराला चिकटून, आणि इथे हवाई दलाचा तळही आहे. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघावं लागतं. अडीचशे ग्रॅमच्या वरचं यंत्र व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. फुकटात ड्रोन देणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर ऐका. कोटेशनमध्ये ड्रोन "परवानगी मिळाल्यास" असंच लिहायचं.

आता कारखान्याचं काम. सुट्या भागांना नगावर भाव द्यायचा मोह होतो, पण सगळे नग सारखे नसतात. प्लास्टिकचा बुश पाच मिनिटांत होतो. पॉलिश केलेला स्टीलचा फ्लँज म्हणजे आरसा असतो, त्यात छत, स्टँड, तुमचा शर्ट सगळं दिसतं. त्याला चारही बाजूंनी पांढरं डिफ्युजन (प्रकाश पसरवणारा पडदा) लागतं, कडा उठून दिसाव्यात म्हणून काळ्या पट्ट्या लावाव्या लागतात. मशिनिंगच्या खुणांमध्ये तेल अडकलेलं असतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं लागतं, हातमोजे घालून, नाहीतर बोटांचे ठसे रीटचिंगमध्ये काढत बसाल.

नगाला शूट २० मिनिटं आणि रीटचिंग २५ धरा. चाळीस नग, तीस तास. गेट पास आणि सेफ्टी इंडक्शन ४ तास. हे लोक धरतच नाहीत, आणि पहिली सकाळ गेटवरच जाते. लाइट मांडणं-काढणं ३. शॉप फ्लोअरचे आठ फोटो ६, त्यांचं एडिटिंग ४. बैठका, फाइलींची नावं पार्ट नंबरप्रमाणे देणं ३. एकूण ५० तास, २८,५००. मदतनीस तीन दिवस, रोज दीड हजार, ४,५००. तेहतीस हजारांवर दहा टक्के, ३६,३००.

कारखान्याला आधी तीन गोष्टी लेखी कळवा. भाग धुऊन, पुसून, पार्ट नंबर लावून तयार ठेवायचे. एक माणूस निर्णय घेणारा पूर्ण वेळ हजर पाहिजे. पहिले दोन भाग लॅपटॉपवर पाहून त्याने कोन आणि प्रकाश मान्य करायचा, त्यानंतर कोन बदलला तर ते नवीन काम. ही तिसरी अट नसेल तर एकतिसाव्या भागाला मोठे साहेब येतात आणि सगळे डावीकडून हवे होते म्हणतात.

मकरपुऱ्यात बहुतेक इंजिनिअरिंग आहे, म्हणून वरचा हिशोब चालेल. नंदेसरीसारख्या रसायनांच्या पट्ट्यात तोच हिशोब लावू नका. सॉल्व्हंट असलेल्या भागात साधा कॅमेरा आणि फ्लॅश म्हणजे ठिणगीचं साधन. वर्क परमिटशिवाय बॅटरीवालं काहीही आत नेता येत नाही. गॅस तपासणी होते, परमिटला वेळेची मुदत असते, सोबत सेफ्टीचा माणूस असतो, आणि फ्लॅशला बहुधा नकारच मिळतो. मग ट्रायपॉड, लांब एक्स्पोजर, कामगारांना स्थिर उभं करणं. एका फोटोला तास सहज जातो. तिथे नग नको, दिवस नको, तासच लावा, आणि परमिटसाठी थांबण्याचा वेळही मीटरवर.

चित्रशाळा

विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागामुळे बडोद्यात चित्रांच्या फोटोचं काम बारमाही असतं, आणि तेच सर्वांत चुकीच्या भावात होतं, कारण बघणाऱ्याला वाटतं की भिंतीवरच्या चित्राचा फोटो, त्यात काय.

काय आहे ते सांगते. सेन्सर आणि कॅनव्हास तंतोतंत समांतर हवेत, नाहीतर चौकोनाचा समलंब होतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये ओढून सरळ केला की ब्रशचे फटकारे एका बाजूला ताणले जातात. उपाय स्वस्त आहे: कॅनव्हासच्या मध्यावर छोटा सपाट आरसा टेकवून धरायचा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं. आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यावर आलं की समांतर. उजवीकडे सरकलेलं दिसलं तर कॅमेरा किंवा इझल (चित्राचा स्टँड) तेवढा फिरवायचा.

दोन लाइट दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, चित्राच्या रुंदीपेक्षा लांब. मग लाइट मीटरने चार कोपरे आणि मध्य मोजायचे. पाचांत पाव स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक आला तर लाइट मागे घ्यायचे. तैलरंगाची आणि वार्निशची चमक मारायला लाइटवर पोलराइझर फिल्म आणि लेन्सवर पोलराइझर ९० अंशांत आडवा. यात तीन-चार स्टॉप प्रकाश जातो, म्हणून साधे एलईडी पुरत नाहीत, जोरदार फ्लॅश लागतात. शिवाय सगळीच चमक मारली तर जाड रंगाचे उंचवटे सपाट दिसतात. तशा चित्राचे दोन फोटो, एक चमकेसकट एक शिवाय, आणि दोन्ही मिसळायचे. त्याला वेगळा भाव. दर सेटअपला कलर चार्टचा एक फोटो, त्यावरून रंग अचूक करायचं प्रोफाइल.

म्हणून इथे मांडणीचे पैसे आणि चित्राचे पैसे वेगळे धरा. मांडणी, मोजमाप, प्रोफाइल, जाणं-येणं, फाइली देणं मिळून सहा तास, ३,५०० रुपये. मग चित्रामागे १५ मिनिटं फोटो आणि २० मिनिटं रंग जुळवणं, ३५० रुपये. पंचवीस चित्रांचे १२,२५०, म्हणजे चित्राला ४९०. पण तोच चित्रकार पाच चित्रांसाठी बोलावेल तर ५,२५०, म्हणजे चित्राला १,०५०. नुसता "चित्राला पाचशे" असा भाव जाहीर केला की पाचवाले सगळे तुमच्याकडे येतात.

काचेच्या फ्रेममधली चित्रं असतील तर काच काढून देणं चित्रकाराचं काम, फ्रेमवाला त्यांनी बोलवावा. आणि जमलं तर त्यांच्याच स्टुडिओत जा. ओल्या चित्राची ने-आण अंगावर घेऊ नका, त्याचा विमा तुमच्याकडे नसतो.

कोठीचाररस्ता

चित्रशाळाताई, आरशाची युक्ती सोनं आहे. एक शंका: चित्रकार म्हणतात फोटोंचे "सगळे हक्क" हवेत. त्याचे वेगळे पैसे लावू का?

मुनीमजी

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो, म्हणून जरा सविस्तर. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हा त्याचा कर्ता धरलाय. पण कलम १७ म्हणतं की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, उलट करार नसेल तर. म्हणजे गप्प राहिलात तर हक्क आपोआप गिऱ्हाइकाचे. परदेशी व्हिडिओ पाहून "लायसन्स फी" मागायला जाणारे इथेच आपटतात. हक्क राखायचे असतील तर कामाआधी, लेखी.

मग कुठे राखायचे? लग्नात मालकीवर भांडू नका. आपल्या पोर्टफोलिओत आणि इन्स्टाग्रामवर फोटो दाखवायची परवानगी मात्र लेखी घ्या, हवं तर "चेहरे दाखवण्याआधी विचारू" असं घालून. चित्रकाराच्या कामात मूळ कलाकृतीचा हक्क त्यांचाच आहे, फोटोचा राखून तुम्ही तरी करणार काय? देऊन टाका. कारखान्याला मात्र लिहा: कॅटलॉग आणि वेबसाइटसाठी अमुक वर्षं, होर्डिंग किंवा प्रदर्शनाच्या मोठ्या प्रिंटचं वेगळं. हक्क त्यांच्या नावे केलेत तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

आता कर. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवेला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक असलं तरी. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी झाली की १८ टक्के. मेख अशी की उलाढाल म्हणजे नफा नव्हे. दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, अल्बम हे सगळं तुमच्या बिलात आलं की दहा लाख कमावणारा माणूसही वीस ओलांडतो. म्हणून व्हिडिओवाल्याचं आणि लॅबचं बिल थेट गिऱ्हाइकाच्या नावे होऊ द्या. लग्नाच्या गिऱ्हाइकाला जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वळती) मिळत नाही, त्याच्या खिशातून ते अठरा टक्के पूर्ण जातात.

कंपनी टीडीएस (पैसे देतानाच घेतलेला आयकर) कापते. कोणी व्यावसायिक फी धरून दहा टक्के, कोणी कंत्राट धरून एक. हा खर्च नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो. पण पैसे महिनोन् महिने अडकतात, तेव्हा हातात किती येणार ते आधी विचारा. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्या भागावर टीडीएस कापायचा नसतो.

आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या वर जात नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाल्याच्या लक्षात येतं, कारण उशिरा दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरताना त्यालाच अडचण येते. लहान उद्योगांच्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करायची वेळ सहसा येत नाही.

दांडियाबाजार

बरं, मान्य. पण गिऱ्हाईक म्हणालं पन्नासच देतो, तर? ऑर्डर सोडायची?

सुरसागरी

सोडायची नाही, काम कमी करायचं. पन्नासात बसवायचं तर अल्बमची जुळणी काढा, फोटो तेवढेच द्या. ५८ तास होतात, ३३,०६०. दुसऱ्याचे १३,६०० धरून ४६,६६०, दहा टक्के लावून ५१,३००. मग शेवटचे तेराशे सोडा खुशाल, व्यवहार म्हणून. काम तेवढंच ठेवून नऊ हजार सोडलेत तर पहिला भाव फुगवलेला होता असंच त्याला वाटणार, आणि पुढे त्याच्या मावशीच्या घरचं लग्न पन्नासच्या खालून सुरू होणार.

मंडळाच्या आणि गरब्याच्या कामातही हेच. "पत्रिकेत नाव छापू" याला भाव नाही. नवरात्रात नऊ रात्रींचं एकत्र काम असेल तर सवलत द्या, कारण ओळख, पास, प्रकाशाचा अंदाज यांचा वेळ एकदाच जातो. पण त्याच रात्री वीस फोटो पोस्ट करायला हवे असतील तर ते दोन तास रोज धरा. मध्यरात्रीनंतरचे आहेत ते.

हिशोबनीस

अर्ध्या दिवसाला अर्धे पैसे हाही एक घोळ. चार्जिंग, प्रवास, बॅकअप, बिल सगळं तेवढंच लागतं आणि उरलेला अर्धा दिवस दुसऱ्याला विकता येत नाही. दिवसाच्या ६५-७० टक्के घ्या.

कोठीचाररस्ता

सगळ्यांचे आभार. लग्नाचं कोटेशन असं केलंय, चुका काढा:

"दोन दिवस, दोन फोटोग्राफर, निवडलेले ५०० फोटो, ३० शीटचा १२×३६ अल्बम. रु. ५९,०००, अल्बमचं बिल लॅबकडून थेट. बुकिंगला ३० टक्के, तारीख राखल्याने परत मिळणार नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी ५० टक्के, फोटो दिल्यावर २० टक्के. रॉ (एडिट न केलेल्या मूळ) फाइली दिल्या जाणार नाहीत. फाइली एक वर्ष जपल्या जातील."

सुरसागरी

चार गोष्टी. "दोन दिवस" खोडा, वेळा लिहा: सकाळी सात ते रात्री नऊ, आणि सकाळी आठ ते रात्री आठ. पुढे दर तासाला, दर फोटोग्राफरमागे, अमुक रुपये. जान उशिरा आली की दोन तास कुठे गेले ते कळत नाही. शेवटचे २० टक्के फोटो दिल्यावर नको, द्यायच्या आधी. बघायला वॉटरमार्कवाली गॅलरी पाठवा. अल्बमचे फोटो निवडायला साठ दिवसांची मुदत घाला, नाहीतर जोडपं कॅनडाला जातं आणि अल्बम तुमच्या डिस्कवर लोळत पडतो. मांडणीतले बदल दोनदा, तिसऱ्यांदा शीटमागे पैसे.

चित्रशाळा

+१. आणि तारीख पुढे गेली तर? मुहूर्त बदलला तर बुकिंगची रक्कम नव्या तारखेला वळती, ती तारीख मोकळी असेल तरच. हे एक वाक्य घाला.

एफ_आठ

टीमच्या जेवणाचंही लिहा. दोन माणसं, पहिल्या पंगतीला. शेवटच्या पंगतीला बसवलं तर तेवढ्यात पाठवणी सुरू होते.